विचारू नकोस, सांग

डोनाने मला पहिल्यांदा नापास केलं ते बुटांपायी.

अमेरिकेतल्या आमच्या ट्रॉय गावातलंच घर होतं, आपल्याच देशातल्या लोकांचं. आजीबाई बाथरूममध्ये पडलेल्या. मी एका हातात मॉनिटर, खांद्यावर औषधांची बॅग अशी आत शिरले, दाराशी चपलांचा ढीग पाहिला आणि माझे हात आपोआप खाली गेले. नाड्या सोडल्या, बूट जोडीने भिंतीला लावले आणि मी मोज्यांवर आत गेले. बाथरूममध्ये काचेचा ग्लास फुटला होता. त्या दिवशी आजींच्या कोपराला टाके पडले आणि माझ्या तळपायालाही. परतताना डोना म्हणाली, "घर जळत असतं तरी तू आधी नाड्याच सोडल्या असत्यास." मी सॉरी म्हटलं. त्यावर ती आणखी चिडली.

डोना म्हणजे माझी ॲम्ब्युलन्सवरची मास्तरीण. अर्धं आयुष्य ॲम्ब्युलन्समध्ये काढलेली, गुडघे गेलेली, गार कॉफीवर जगणारी बाई. आमच्या कम्युनिटी कॉलेजात पॅरामेडिकचा कोर्स आहे, त्याचा शेवटचा टप्पा हिच्यासारख्या कुणाच्या तरी हाताखाली काढावा लागतो. पेशंटच्या दारापासून हॉस्पिटलच्या दारापर्यंत सगळे निर्णय विद्यार्थ्याने घ्यायचे, सगळ्यांना कामं सांगायची, आणि मास्तरणीने तोंडाला कुलूप लावून मागे उभं राहायचं. तिला मध्ये बोलावं लागलं की तो कॉल फुकट. असे पुरेसे कॉल नीट झाले की ती सही करते, सही झाली की सरकारी परीक्षेला बसता येतं, आणि ती पास झाली की माणूस पॅरामेडिक.

पेपरात मी पहिली यायची, हे सांगून ठेवते. शिंगं मोडून वासरांत शिरलेली मी, वर्गातली बाकीची पोरं माझ्या लेकीपेक्षा, हर्षितापेक्षा, चार-पाच वर्षांनी मोठी असतील नसतील. त्यांना औषधांचे डोस मी पाठ करवून घेतले. हृदयाच्या ठोक्यांचे आलेख मला झोपेतून उठवून दाखवले तरी ओळखू यायचे, आणि झोपेतून उठवायची वेळ तशी रोजच यायची. आठवड्यातले तीन दिवस फार्मसीच्या काउंटरवर नोकरी, दोन संध्याकाळी वर्ग, उरलेले दिवस ॲम्ब्युलन्स. घरी आले की मी सोफ्यावर बसायची आणि बसल्याजागी झोपायची. कुशल, माझा नवरा, माझ्या पायांतले बूट काढून ठेवायचा. स्वयंपाक त्याने अंगावर घेतला होता, म्हणजे रोज खिचडी. हर्षिता एकदा म्हणाली, "मॉम, यू स्मेल लाइक अ हॉस्पिटल." मी म्हटलं, वास येतोय ना, म्हणजे तुझी आई अजून जिवंत आहे.

हे सगळं का करत होते? फार्मसीत एकदा एक माणूस माझ्या काउंटरसमोर कोसळला. ॲम्ब्युलन्समधून एक बुटकी बाई आली, माझ्यापेक्षाही बुटकी. तिने आवाज चढवला नाही. तू हे धर, तू तिकडे हो, तू दार उघड, एवढंच म्हणाली, आणि आमचा मॅनेजर, जो कुणाच्या बापाचं ऐकत नाही, तो दार धरून उभा राहिला. मला ते इतकं आवडलं की मी रात्रभर त्याचाच विचार करत पडले. माझं आयुष्यात कधी कुणी असं ऐकलं नव्हतं.

गंमत अशी की नेमकं तेच मला जमत नव्हतं. डोनाचं माझ्याबद्दल एकच म्हणणं होतं. "तू विचारतेस. विचारू नकोस, सांग." आणि मी विचारायची. जरा हात पुढे करता का? आपण हॉस्पिटलमध्ये जाऊ या का? तुम्हाला चालेल ना? पेशंट वयस्कर असला की माझ्या तोंडून हुकूम निघायचाच नाही. मोठ्यांना उलटून बोलू नये, मोठ्यांसमोर आवाज खाली, मोठे सांगतील आपण करायचं, हे लहानपणापासून इतकं मुरलं होतं की भाषा इंग्रजी असली तरी आतली मुलगी नागपूरचीच. एका म्हाताऱ्या गोऱ्या आजोबांना मी तीनदा विचारलं, झोपता का, झोपता का, आणि ते तीनदा नाही म्हणाले. चौथ्यांदा डोनाने सांगितलं आणि ते झोपले. तो कॉल फुकट गेला.

मुदत एकदा वाढवून मिळाली होती. कॉलेजातल्या बाईंनी सांगून ठेवलं होतं की दुसऱ्यांदा मिळणार नाही. जानेवारीच्या शेवटच्या रविवारपर्यंत सही नाही झाली तर कोर्समधून बाहेर, मग सगळं पहिल्यापासून. आणि पहिल्यापासून करायचं बळ माझ्या अंगात उरलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. कुशललाही ठाऊक होतं.

हे सगळं मी ज्यांना सांगायची ते राजाराम गजभिये काका.

काका मोटारींच्या कारखान्यातून इंजिनियर म्हणून रिटायर झालेले. इथे आपल्या लोकांत असा कुणी नाही ज्याला काकांनी एअरपोर्टवरून आणलं नाही किंवा गाडी चालवायला शिकवली नाही. आणि असाही कुणी नाही ज्याने काकांचं भाषण सोसलं नाही. चौदा एप्रिल असो, धम्मचक्र दिन असो, कुणाचं बारसं असो, माईक काकांच्या हाती गेला की जेवण गार. पोरं पैजा लावायची. माईक नसला तरी फरक पडायचा नाही. फोनवर बोलायचे, टीव्हीशी बोलायचे, दुकानात रांगेतल्या अनोळखी माणसाला तू कुठला, वडील काय करतात विचारायचे. सुजाता काकू म्हणायच्या, "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही." त्यांना गप्प करायचा प्रयत्न काकूंनी लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच सोडून दिला होता म्हणे.

मी कॉलेजात नाव घालायचं म्हणाले तेव्हा सगळे हसले. या वयात? ॲम्ब्युलन्सवर? काका तेवढे हसले नाहीत. ते तासभर बोलले. त्यातलं काय बोलले ते मला आठवत नाही, पण दुसऱ्या दिवशी ते मला गाडीत घालून कॉलेजच्या ऑफिसात घेऊन गेले आणि तिथल्या बाईशीही तासभर बोलले. नंतर दर रविवारी फोन. "काय म्हणते तुझी डोना?" मी सांगायची, ती म्हणते मी विचारते, सांगत नाही. काका म्हणायचे, "अगं, मग सांग ना. मला सांगून बघ. प्रॅक्टिस कर माझ्यावर." मी म्हणायची, काका, तुम्ही मला बोलू द्याल तर ना.

शेवटचा रविवार उजाडला तेव्हा बाहेर ढोपरभर बर्फ होतं. सकाळपासून दोनच कॉल आले, दोन्ही किरकोळ. डोना खिडकीतून बाहेर बघत बसली होती. तिलाही मला नापास करायचं नव्हतं, हे मला दिसत होतं, पण ती खोटी सही करणारी बाई नव्हती. मग स्क्रीनवर पत्ता आला. छातीत दुखतंय, पुरुष, वय एकाहत्तर. पत्ता मी दोनदा वाचला, काकांचाच होता.

"ओळखीचे आहेत?" डोनाने विचारलं.

"काकाच आहेत." इंग्रजीत अंकल म्हटल्यामुळे तिला सख्खे वाटले. मी दुरुस्त करायच्या भानगडीत पडले नाही.

"मी घेते. नियमात बसतं. तू नुसती मदत कर." मग जरा थांबून म्हणाली, "पण मग हा तुझा कॉल धरता येणार नाही."

तेव्हा मला काकांच्या छातीपेक्षा डोनाची सही आधी आठवली. मी म्हटलं, "नाही, मी करते." का म्हटलं, किती त्यांच्यासाठी आणि किती माझ्यासाठी, याचा हिशेब मला अजून लागलेला नाही.

काकूंच्या घरात साय रंगाचा गालिचा आहे आणि त्यावर कुणाला पायताण घालून पाऊल टाकायची परवानगी नाही. नळ दुरुस्तीला आलेल्या माणसालाही त्या बुटांवरून प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवायला लावतात. दार उघडून त्या उभ्या होत्या. आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या बुटांकडे. बुटांना बर्फ, बर्फावर टाकतात ते मीठ, सगळा रेंदा. माझे हात खाली जायला निघाले होते. मी ते बॅगेच्या पट्ट्यात अडकवले आणि तशीच आत गेले. मागून डोना, आमचा ड्रायव्हर आणि फायर ब्रिगेडचे दोन धिप्पाड जवान. साय रंगाच्या गालिच्याचं काय झालं ते मी वळून पाहिलं नाही.

काका आरामखुर्चीत होते. समोरच्या भिंतीवर बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली पांढरं कापड अंथरलेलं छोटं टेबल, आणि टेबलाच्या कडेला इनोची फुटलेली पुडी. चेहरा राखेसारखा, शर्ट घामाने चिंब, डावा खांदा उजव्या हाताने धरलेला. आणि तोंड चालू.

"अरे बाप्पा! भावना! जयभीम, जयभीम! सुजाता, बघ कोण आलंय. चहा ठेव."

"काका, कधीपासून दुखतंय?"

"काही नाही गं, ॲसिडिटी आहे. रात्री भजी खाल्ली. ही उगाच घाबरली. आयुषने फोनवरून ऑर्डर सोडली, नाइन वन वन लाव म्हणून."

आयुष त्यांचा मुलगा, तिकडे पश्चिम किनाऱ्यावर सनीव्हेलला चिप कंपनीत. दर रविवारी काका त्याला झोपेतून उठवायचे. फोन काकांच्या मांडीवर होता, स्पीकर चालू. आतून आयुषचा आवाज येत होता, "बाबा, प्लीज, लेट देम डू देअर जॉब."

मी ॲस्पिरिन चघळायला दिली. तेवढा वेळ शांतता होती. शर्टची बटणं काढून छातीवर ईसीजीच्या पट्ट्या लावल्या. ईसीजी काढताना माणसाने काही क्षण तरी स्थिर राहावं लागतं, बोललं की स्नायू हलतात आणि कागदावर नुसती गुंतवळ उमटते. आलेख नीट आला तरच कळणार होतं की हा साधा त्रास आहे की हार्ट अटॅक, आणि त्यावर कुठलं हॉस्पिटल, किती घाई, तिथल्या डॉक्टरांना आधी सावध करायचं की नाही, सगळं ठरणार होतं.

"काका, जरा शांत राहता का?"

"हो हो, राहतो ना." आणि लगेच जवानांतल्या एका धिप्पाड पोराकडे वळून, "यंग मॅन, विच टाउन आर यू फ्रॉम?"

पहिला आलेख वाया गेला. मी दुसरा लावला. "काका, प्लीज, दोन मिनिटं बोलू नका ना."

"अगं, तुझी आज शेवटची तारीख ना? ही ती डोना का? मॅडम, शी इज व्हेरी गुड स्टुडंट, आय टेल यू..."

दुसराही वाया. डोना दाराशी हाताची घडी घालून उभी होती. तिने तोंड उघडलं आणि परत मिटलं. काकांच्या कपाळावरून घाम भुवयांत उतरत होता. ओठ निळसर व्हायला लागले होते. मला त्यांचा राग आला. खरोखरचा राग. हा माणूस मरायला टेकलाय आणि पाहुण्यांची सरबराई करतोय.

काका फोनकडे वाकले. "आयुष, ऐक रे, तुला एक गोष्ट सांगायची राहिलीच..."

"काका, गप्प बसा!"

असा आवाज माझ्या तोंडून आधी कधी निघाला नव्हता. हर्षितावरसुद्धा नाही. "एकदम गप्प. हलायचं नाही. काकू, तो फोन बंद करा आणि बाजूला व्हा. तू स्ट्रेचर आत आण, तू पायांकडे उभा राहा." शेवटचं इंग्रजीत, त्या पोरांना. काकूंनी फोन उचलला आणि बंद केला. सगळे हलले.

आणि काका गप्प बसले. माझ्याकडे बघत त्यांनी उजव्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं, शाळेत हाताची घडी तोंडावर बोट म्हणतात तसं. डोळ्यांत मिश्कीलपणा होता. मशीनमधून कागद सरसरत बाहेर आला, स्वच्छ, एकही वेडीवाकडी रेघ नाही. वाचायला मला एक क्षण पुरला. पुस्तकात इतका मोठा अटॅक दाखवत नाहीत, पोरं घाबरतील म्हणून.

मी हॉस्पिटलला कळवलं, कामं सांगितली, स्ट्रेचर दिवाणखान्याच्या दारापर्यंत आलं. तिथे काकांचं बोट ओठांवरून घसरलं. मॉनिटरवर हृदय नुसतं थरथरत होतं. मी शॉक दिला. छाती दाबली, मग त्या धिप्पाड पोराला दाबायला सांगितली, मग परत शॉक. ठोका परत आला. ॲम्ब्युलन्समध्ये परत गेला. परत आणला. मी सांगत होते आणि सगळे करत होते, डोनासुद्धा. मला एकदाही विचारावं लागलं नाही. हॉस्पिटलच्या लोकांनी त्यांना माझ्या हातातून घेतलं तेव्हा हृदय चालू होतं. थोड्या वेळाने एक डॉक्टर बाहेर आला आणि त्याने नकारार्थी मान हलवली.

मी स्ट्रेचर पुसत होते. डोना आली, टॅब्लेटवर सही केली आणि मला दाखवली. पास. सगळ्या रकान्यांत पास. पेशंटचं पुढे काय झालं, असा रकाना त्यात नव्हताच.

"तू काय म्हणालीस मला कळलं नाही," डोना म्हणाली, "पण मीसुद्धा गप्प बसले असते. आज तू पॅरामेडिक झालीस." तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. एरवी मी त्या हातासाठी जीव टाकला असता.

घरी पोचले तर दारात कुशल उभा. बातमी त्याला ग्रुपवर कळली होती. हर्षिताने आणलेला केकचा डबा त्याने घाईघाईने फ्रीजमध्ये ढकलला होता पण दोरी बाहेर लोंबत होती. "झाली का सही?" त्याने हळूच विचारलं. मी हो म्हटलं आणि दारातच बसले. त्याने माझे बूट काढले. त्या दिवशी मी रडले ते काकांसाठी की दमून, हे मलाही सांगता येत नाही.

नंतरचे दिवस मी फार्मसीत गोळ्या मोजल्या. परीक्षेची तारीख घ्यायची होती, ती घेतली नाही. कॉलेजातून ईमेल आली, उघडली नाही. डोळे मिटले की ते ओठांवरचं बोट दिसायचं. मुलगा फोनवर होता. बाप त्याला काहीतरी सांगायला निघाला होता. आणि मी, जिला जन्मात कुणाला गप्प बस म्हणता आलं नव्हतं, तिने नेमकं तेव्हा म्हटलं. आयुष्यभर बोललेल्या माणसाचं शेवटचं वाक्य मी अर्ध्यात तोडलं आणि त्याबद्दल मला पास केलं होतं. कुशल म्हणाला, "तू नसतीस तर तेवढंही झालं नसतं." ते मलाही कळत होतं. कळून काय करायचं?

काकांच्या आठवणीसाठीचा, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम पुढच्या रविवारी त्यांच्याच घरी होता. मी नाही येत म्हणाले. कुशलने ऐकलं नाही. दाराशी बुटांचा डोंगर होता. मी माझे काढून त्यात ठेवले आणि मोज्यांवर आत गेले. दारापासून आरामखुर्चीपर्यंत गालिच्यावर बर्फातल्या मिठाचे पांढरे डाग होते, आणि स्ट्रेचरच्या चाकांचे दोन काळे पट्टे. पांढऱ्या कपड्यांतले लोक त्या डागांवरच मांडी घालून बसले होते. टेबलावर आता काकांचाही फोटो होता, माईक हातात घेतलेला. दुसरा फोटोच सापडला नसेल.

त्रिसरण, पंचशील झालं. मी मागे भिंतीला टेकून बसले होते. आयुष उठून माझ्याजवळ येऊन बसला. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली.

"भावनाताई," तो म्हणाला, "बाबा मला काहीतरी सांगत होते. ही वॉज ट्राइंग टू टेल मी समथिंग. तुम्ही त्यांना गप्प बसा म्हणालात. मग फोन कट झाला." त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "आय नो यू हॅड टू. बट आय कान्ट स्टॉप थिंकिंग, काय सांगणार होते?"

आजूबाजूची दोन-चार डोकी वळली. मी म्हटलं, "मला माहीत नाही रे." आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

काकू पुढे बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं असेल असं मला वाटलं नव्हतं. त्या जमिनीला हात टेकून उठल्या, आमच्यापाशी आल्या आणि आमच्या दोघांच्या मध्ये बसल्या.

"एक गोष्ट सांगायची राहिलीच," काकू म्हणाल्या. "हेच म्हणाले ना?"

आयुषने मान डोलावली.

"मागच्या रविवारी काय राहिलं होतं?"

आयुष म्हणाला, "टायर. टायर बदल म्हणाले."

"त्याच्या आधी?"

"व्हिटॅमिन डी." त्याच्या तोंडाचा कोपरा हलला. "त्याच्या आधी लग्न."

"दर रविवारी एक गोष्ट राहायची. त्यांची एक गोष्ट राहिली नाही असा फोन झालाय का कधी? अजून वीस वर्षं जगले असते तरी एक राहिलीच असती, बाळा." काकूंनी त्याचा हात हातात घेतला. मग माझ्याकडे वळल्या. "ऐकलं ना त्यांनी तुझं? मी मागे होते, मला तोंड दिसलं नाही."

"ऐकलं, काकू. तोंडावर बोट ठेवलं." मी ठेवून दाखवलं.

काकू त्या बोटाकडे बघत राहिल्या. आधी मला वाटलं त्या रडतायत, खांदे हलत होते. पण त्या हसत होत्या, पदर तोंडाशी धरून, डोळ्यांतून पाणी गळत. "चव्वेचाळीस वर्षं," त्या म्हणाल्या. "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणायचे मी. तुझ्यासमोर जिवंतपणीच गेली की गं." आयुषही हसला, आणि मग आईच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देऊन रडला.

काकूंनी त्याला थोपटलं. मग मला विचारलं, "परीक्षा कधी आहे?"

"बघते, काकू."

"बघते काय? दे. हे असते तर तासभर बोलले असते. मला तेवढा दम नाही. दे, बस."

पुढे आदरांजलीची भाषणं सुरू झाली होती. आमचे अरुण मेश्राम, मंडळाचे सेक्रेटरी, उभे होते. ते काकांच्या अमेरिकेतल्या आगमनापासून निघाले होते आणि अजून पहिल्या नोकरीपर्यंतच पोचले होते. आतून वरणाचा वास येत होता. लहान पोरं जांभया देत होती, एक जण झोपलंही होतं. काकू सकाळपासून उपाशी होत्या, त्यांच्या ओठांना कोरड पडली होती. त्यांनी डोळे मिटून भिंतीला मान टेकली.

"भावना," त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "याला गप्प बसव. तुला येतं ते."

मी उठले. वयाने अरुणदादा माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी मोठे. मी डागांवरून चालत पुढे गेले, त्यांच्या हातातून माईक काढून घेतला आणि म्हटलं, "दादा, बसा आता. काकू जेवल्या नाहीत."

ते बसले.